टोप्या काढून

श्रद्धानं ग्लव्ह पुढे धरला आणि डोळे मिटून घेतले. चेंडू थाडकन तळव्यात येऊन बसला. जबलपुरातल्या चेरीतालच्या मैदानावरची कबुतरं फडफडत उडाली.

"भैया, धीरे! मी सॉफ्टबॉल खेळते. हा बेसबॉल तो पत्थर है."

"मग डोळे उघडे ठेव ना," अश्वजीत म्हणाला आणि कोपर चोळत मागे वळला.

त्याची बाही वर सरकली होती. कोपराच्या वर पिकल्या जांभळासारखा डाग होता, कडेनं पिवळा पडत चाललेला.

"हे काय?"

"चेंडू लागला."

"लागला, की मारला?"

अश्वजीत मैदानाच्या कडेकडे बघू लागला. तिथं कोवळ्या उन्हात, कानटोपी घालून त्यांचे आजोबा नारायणराव, म्हणजे आबाजी, बाकावर मटर सोलत बसले होते. फॅक्टरीतून निवृत्त होऊन त्यांना किती तरी हिवाळे लोटले, पण पाठ अजून ताठ होती. दाणे पातेल्यात, टरफलं पिशवीत. एक दाणा इकडचा तिकडे होत नव्हता.

"मारला," अश्वजीत आबाजींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "जपानात, नदीपलीकडच्या टीमच्या पिचरनं. तिथं कोणाला चेंडू लागला तर पिचर टोपी काढून माफी मागते. त्यानं टोपीला हातबी नाही लावला."

"काहून?" आबाजींनी मान वर न करता विचारलं.

हाच प्रश्न यावा म्हणून तर तो सुट्टीभर थांबला होता. जपानात तो यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत होता आणि रविवारी तिथल्या पोरांच्या संघात बेसबॉल खेळायचा. ग्लव्ह काखेत मारून तो आबाजींच्या समोर उकिडवा बसला.

"मॅच झाली की दोन्ही टीम समोरासमोर रांगेत उभ्या रायतात आणि कमरेतून वाकतात. मी नाही वाकलो, आबाजी. सगळी रांग वाकली, मी सरळ उभा होतो. तेव्हापासून ते खार खाऊन आहेत. आता आमच्या कॅप्टनचा मेसेज आला. पुढची मॅच त्याच टीमशी आहे. वाकणार असशील तरच ग्राउंडवर ये म्हणते."

"मग?"

"मी जाणार. खेळणार. अन् वाकणार नाही. आपली मान विहारातच वाकते. तुम्हीच सांगता ना, दर जयंतीला?"

भंडाऱ्याकडचं गाव, गावची जमीन ज्याची त्या मालगुजाराचा ओटा, त्या ओट्यासमोरून जाताना वाकलेले लहानगे आबाजी आणि त्यांचा बाप. मग एका सकाळी न वाकता गेलेला बाप, आणि दिवस मावळायच्या आत सोडलेलं गाव. ती वाट चालत चालत जबलपुरात आली होती. अश्वजीतला ती गोष्ट आईच्या दुधासारखी पाजली गेली होती. आबाजी फॅक्टरीत साहेबासमोरही ताठ उभे राहत, हे त्यांच्याबरोबरचे लोक अजून सांगत.

आता आबाजी पाठीवर हात ठेवतील म्हणून तो थोडा पुढे सरकला. आबाजींनी एक शेंग उकलली. दाणे अंगठ्यानं सोडवले.

"पहिले कोण वाकते?"

"पहिले कोणी नाही. अंपायर बोलला की सगळे सोबत."

"हारलेलेबी?"

"हो."

"जिंकलेलेबी?"

"दोघंबी."

"किती वाकतात?"

"सारखेच," अश्वजीत म्हणाला. आवाज जरा खाली आला होता. "टोप्या काढून."

आबाजींनी पातेलं बाजूला ठेवलं.

"मालगुजार खुर्चीतून उठत नव्हता," ते म्हणाले. एवढंच.

मग काठी टेकत उठले. पायाच्या अंगठ्यानं मातीत एक रेघ ओढली आणि तिच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

"श्रद्धे, इकडे ये. तू अंपायर."

"क्या बोलना है, आबाजी?"

"तीनपर्यंत मोज."

"आबाजी, काय करून राहिले तुम्ही?" अश्वजीत उठला. "लोक पाहून राहिले."

"पाहू दे ना. तू तिथं उभा राय. माझ्यासमोर."

तो रेघेपाशी आला. पाय घट्ट रोवले, जबडा आवळला. आबाजींनी कानटोपी काढून छातीशी धरली. थंड वाऱ्यात त्यांचे चार पांढरे केस उभे राहिले.

"एक," श्रद्धा म्हणाली. तिला हसू येत होतं. "दो."

अश्वजीतनं टोपी काढली. मान मात्र तशीच.

"तीन."

आबाजी वाकले. काठीवर भार देत, कमरेतून. गाव सोडल्यापासून कोणा माणसापुढे न वाकलेली ती पाठ हळूहळू आडवी झाली आणि तिथंच थांबली. श्रद्धाचं हसू विरलं.

अश्वजीत उभाच होता. आबाजींचा माथा त्यानं असा वरून कधी पाहिला नव्हता. मधोमध टक्कल, त्यावर एक जुनी खोक. पलीकडे बाकावर मटराचं पातेलं, आणि आबाजी उठल्यावर रिकामी राहिलेली जागा. त्या ओट्यावर आता आपणच आहोत असं वाटून त्याचे कान तापले.

तो वाकला. घाईघाईनं, डोकं आबाजींच्या डोक्याला लागेल इतका.

"उशीर झाला, पोरा," खालूनच आबाजींचा आवाज आला. काठी चाचपत ते सरळ झाले, दम घेतला, कानटोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"श्रद्धे," ते म्हणाले, "पुन्हा मोज."