बाई, चूक

बाईंच्या गणिताच्या तासाला सातवीचं कुणी पोर खिडकीबाहेर बघत नसे. धाकाने नव्हे. बाई दर तासाला फळ्यावर एक चूक करत, अगदी मुद्दाम, आणि ती इतक्या सरळ चेहऱ्याने करत की मुख्याध्यापकांनी नवीन असताना एकदा दाराआडून ऐकून कपाळाला हात लावला होता. ज्याला चूक दिसेल त्याने हात वर करायचा, ‘बाई, चूक’ म्हणायचं, बाईंच्या हातातला खडू घ्यायचा आणि बरोबर काय ते सगळ्यांना पटवून द्यायचं. पटलं तर खडू त्याचा. नाही पटलं तर खडू परत. सरकारी शाळेत बक्षीस म्हणून याहून जास्त द्यायला होतं तरी काय!

या खडूंवर सगळ्यात जास्त डल्ला मारला होता तो बाईंच्या भाच्याने. धाकट्या बहिणीची नोकरी बदल्यांची, म्हणून पोरगा शाळा संपेपर्यंत बाईंकडेच वाढला. घरात ‘मावशी’ आणि शाळेच्या फाटकाच्या आत ‘बाई’, हा नियम त्याने कधी मोडला नाही. बाईंनी चुकीचा आकडा पुरता लिहायच्या आत त्याचा हात वर. जिंकलेले खडू तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवी. तो डबा अजून बाईंच्या घरी, कपाटाच्या वरच्या फळीवर होता.

हाच भाचा शिकून शिक्षण खात्यात तंत्रज्ञान समन्वयक झाला आणि एक दिवस कॅमेरा घेऊन बाईंच्या दारात उभा राहिला. योजना चांगली होती. चांगल्या शिक्षकांचे तास चित्रित करायचे आणि प्रत्येक सरकारी शाळेत मोठ्या पडद्यावर, मुलांच्या टॅबलेटवर पोचवायचे. डोंगरापलीकडच्या कितीतरी शाळांत गणिताला माणूसच नव्हता. बाईंचा यंत्रांवर राग असण्याचं कारण नव्हतं; शाळेतला पहिला संगणक आला तेव्हा त्याच्यावरचं प्लास्टिक फाडायचं धाडस त्यांनीच केलं होतं, बाकीचे नुसते भोवती उभे होते.

तरी बाईंच्या मनात एक पाल चुकचुकत होती. दुसऱ्या एका शाळेत पडदे आले तसं तिथल्या भाषेच्या शिक्षिकेच्या हातात टॅबलेटच्या कपाटाची किल्ली देऊन तिला ‘देखरेखी’ला बसवलं होतं. बाईंची नोकरीची थोडीच वर्षं उरली होती आणि ती त्यांना फळ्यासमोर काढायची होती, कपाटासमोर नव्हे. त्यांनी भाच्याला स्पष्ट विचारलं.

“मावशी, तुझा वर्ग तुझाच राहील,” तो म्हणाला. “मी आहे ना.”

मी आहे ना, हे ऐकल्यावर माणूस सैल पडतो. बाईही पडल्या. त्यांनी एवढंच बजावलं की आपल्याला भिंतीकडे बघून शिकवता येत नाही, वर्गात पोरं हवीत; आणि चूक पकडायला जे पोर फळ्याशी येईल त्याचा आवाज, त्याचा चेहरा, सगळं राहिलं पाहिजे. भाचा हसला. हे दुसऱ्या कुणाला सांगावं लागलं असतं, मला कशाला सांगतेस, म्हणाला. बाईंनाही आपलं सांगणं जरा जास्तच वाटलं.

चित्रीकरण झोकात झालं. अपूर्णांकांच्या तासाला बाईंनी फळ्यावर लिहिलं की एक छेद आठ हा एक छेद चारपेक्षा मोठा, आणि वर तोंड करून कारणही दिलं, आठ चारापेक्षा मोठे म्हणून. मागच्या बाकावरच्या चिमणीने हात वर केला. चिमणी हे तिचं वर्गातलं नाव. एरवी तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. तिने कागदाची एक पट्टी फाडली, घड्या घालून चार भाग केले, आणखी एक घडी घालून आठ केले आणि सगळ्यांना दाखवलं, भाग वाढले तसा एकेक भाग लहान झाला. पोरांनी बाकं वाजवली. भाचा स्वतः कॅमेऱ्यामागे उभा राहून तिच्या पट्टीवर भिंग जवळ नेत होता.

काही महिन्यांनी शिक्षण खात्यातले साहेब शाळेत आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत बाईंना बोलावणं आलं. भाचा तिथेच होता, मांडीवर लॅपटॉप घेऊन. साहेबांनी फार न बोलता पडद्याकडे बोट केलं. पडद्यावरच्या बाईंनी लिहिलं, एक छेद आठ मोठा. ठासून कारण दिलं. आणि लगेच त्या पुढच्या प्रकरणाकडे वळल्या. मध्ये चिमणी नव्हती, पट्टी नव्हती, बाकं वाजवणारी पोरं नव्हती. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

डोंगरापलीकडच्या शाळांतल्या पोरांनी परीक्षेत तेच उतरवलं होतं. सगळ्यांनी, अगदी मनापासून.

बाईंनी साहेबांना समजावलं की ही चूक मुद्दाम केलेली आहे, पुढे एक मुलगी येऊन ती सुधारते, तो तुकडाच काढून टाकला आहे. हवं तर त्या मुलीला बोलवा. साहेब म्हणाले, पोरांना यात ओढायला नको, ती तुमचीच बाजू घेणार. मग ते भाच्याकडे वळले. असा काही भाग होता का?

बाईंना हायसं वाटलं. चला, आता प्रश्न योग्य माणसाकडे गेला. त्या चक्क जराशा हसल्यासुद्धा.

भाच्याने लॅपटॉपवरून नजर काढली नाही. “माझ्याकडे जे आहे ते एवढंच आहे,” तो म्हणाला. “मूळ चित्रण आम्ही ठेवत नाही, जागा पुरत नाही. बाई ज्येष्ठ आहेत. बोलण्याच्या ओघात होतं कधीकधी.”

त्याने ‘बाई’ म्हटलं, नियमाप्रमाणेच. ज्याच्या तापात रात्री जागवल्या, ज्याला फळ्याशी उभं राहायला शिकवलं, त्याने त्याच शाळेत केसाने गळा कापला होता. तोंड उघडलं असतं तर त्यांना रडू फुटलं असतं, म्हणून त्या गप्प राहिल्या, आणि गप्प राहिल्या म्हणून साहेबांनी ती कबुली धरली. सोमवारपासून सातवीचं गणित पडद्यावर, दुसऱ्या कुणाच्या तोंडून. बाईंचे चित्रित केलेले सगळे तास काढून टाकायचे. बाईंकडे टॅबलेटच्या कपाटाची किल्ली. ते चार्ज करायचे, मोजून ठेवायचे. मुख्याध्यापकांनी मान खाली घालून किल्ली टेबलावर सरकवली.

संध्याकाळी भाचा घरी आला. बाईंनी सवयीने चहा टाकला आणि आपल्या सवयीचा त्यांना रागही आला. तो बरंच बोलला. तास आटोपशीर हवे होते, पोरांचा गोंगाट बघून वरचे लोक नाकं मुरडायचे, म्हणून गोंगाट तेवढा कापला. तपासून पाहिल्याची सही त्याची होती. आज खरं सांगितलं असतं तर सगळी योजनाच बुडाली असती, मग डोंगरापलीकडच्या पोरांना कोण होतं?

बाईंनी कप खाली ठेवला. गोंगाट एकाच तासाचा कापला की सगळ्या?

सगळ्याच, तो म्हणाला.

म्हणजे प्रत्येक तासात एकेक चूक तशीच उघडी पडली होती आणि बाईंच्या आवाजात गावोगाव फिरत होती. त्याचीही भाच्याने सोय लावली होती. तास आता काढूनच टाकणार आहेत, तेव्हा कुणाला कळायचं नाही, असं त्याने हलक्या आवाजात सांगितलं, जणू मावशीचीच अडचण दूर केली. “तुझी थोडीच वर्षं राहिलीत, मावशी. माझं सगळं पुढे आहे. मला वाटलं, तू समजून घेशील.”

“आज त्या खोलीत एवढी मोठी चूक झाली,” बाई म्हणाल्या. “सगळ्यात आधी तुला दिसली. मग हात का वर केला नाहीस?”

तो पुन्हा योजनेबद्दल बोलू लागला, मग साहेबांच्या स्वभावाबद्दल, मग नोकरीबद्दल. बाईंनी त्याला मध्ये तोडलं नाही. वर्गात पोर फळ्याशी उभं राहून पटवत असे तेव्हा त्या अशाच शेवटपर्यंत ऐकून घेत. तो थांबला तेव्हा त्या उठल्या, स्टूल ओढलं आणि वरच्या फळीवरून बिस्किटांचा डबा काढला. आत खडू खुळखुळले.

“नाही पटलं,” त्या म्हणाल्या आणि डबा आपल्या शाळेच्या पिशवीत, कपाटाच्या किल्लीशेजारी ठेवला.