पुलापाशी उतरायचं

“आजच्या दिवस कुणाला खाली उतरवू नकोस, ओपल. एवढं ऐक माझं,” क्लोव्हिस बर्डेट म्हणाला. तो आमच्या गावचा नगराध्यक्ष.

ओपल शाळेच्या बसची काच पुसत होती. “कुणाला म्हणजे?”

“पाहुण्यांना गं! सेनेटर व्हिटलो येतायत, खजिनदारबाई येतायत. त्यांना काय चिखलातून चालवणार?”

“पोरं चालतात.”

“पोरं गव्हर्नर होणार नाहीयेत!”

“तुला काय ठाऊक?” ओपल म्हणाली आणि तिने फडका पिळला.

ओपल केटरमन माझी भावजय. माझा भाऊ होबार्ट खाणीतल्या धुळीने गेला, तेव्हापासून आम्ही दोघी एकाच घरात राहतो. मी टपाल कचेरीत तिकिटं विकते, ती बस चालवते. गावातल्या दोन पिढ्या तिच्या बसमधून शाळेत गेल्या, पण तिच्याबद्दल कुणी कधी चार ओळी छापल्या नाहीत. तसं छापण्यासारखं तिने काही केलंही नव्हतं. वेळेवर यायची, वेळेवर सोडायची.

एप्रिलमध्ये डोंगरात रानलसूण उगवली की आमच्या चर्चमध्ये जेवण असतं. डुकराच्या चरबीत परतलेली रानलसूण, बटाटे, घेवडा आणि मक्याचा पाव. खाल्ल्यावर दोन दिवस तोंडाला असा वास येतो, की नवराबायको पाठ करून झोपतात. गव्हर्नरची निवडणूक तोंडावर आली की या जेवणाला बाहेरची गर्दी वाढते. ज्याला उभं राहायचं असतं तो ‘अजून काही ठरवलेलं नाही’ म्हणत आमच्याकडे जेवायला येतो. ज्याला खरंच उभं राहायचं नसतं तो आपल्या घरी जेवतो.

चर्चच्या अंगणात गाड्यांना जागा नाही. म्हणून पाहुण्यांनी गाड्या शाळेपाशी लावायच्या आणि ओपलच्या बसने यायचं, ही आमची पद्धत. मधे ओढा आहे, आणि ओढ्यावर तो पूल.

पुलाखालच्या तुळया गंजून पापडासारख्या झाल्या आहेत. लहान गाड्या एकेक करून जातात. भरलेल्या बसला बंदी आहे. म्हणून ओपल अलीकडे थांबते, पोरं उतरून चालत पलीकडे जातात, मागून ती रिकामी बस आणते आणि पोरं पुन्हा चढतात. पाऊस असो, बर्फ असो, रोज हेच. नवा पूल मिळावा म्हणून गावाने अर्ज केले, चकरा मारल्या. वरून मंजुरी हवी, आणि पुढच्या गव्हर्नरने मनावर घेतलं तरच ती मिळणार, एवढं आम्हाला कळून चुकलं होतं. म्हणजे जो कुणी गव्हर्नर होणार, त्याला हा पूल दिसायला हवा. इतकी साधी गोष्ट.

आणि आमच्या शहाण्यांनी काय करावं? गुरुवारी क्लोव्हिसने सहा बाप्ये गोळा केले आणि पूल रंगवून काढला! कठडे हिरवेगार केले, फळ्यांवर नवी खडी टाकली, वजनाची बंदी सांगणारी पाटी उपटून स्वतःच्या गोठ्यात नेऊन ठेवली. मी कपाळाला हात लावला.

“अरे, ज्याच्यासाठी रडतोय तेच झाकून ठेवलंस?”

“झाकली मूठ सव्वा लाखाची, ड्रीमा. पाहुणे दारात येणार आणि आपण फाटकं दाखवायचं? मागायचं ते जेवण झाल्यावर मागू, नीट बसून.”

आमच्या डोंगरातला माणूस उपाशी झोपेल, पण पाहुण्याला रिकामा डबा दाखवणार नाही. क्लोव्हिस मूर्ख नाही. लाजरा आहे, आणि लाज लपवायला फार मेहनत घेतो.

संध्याकाळी बस भरली. पुढच्या बाकावर सेनेटर गार्लंड व्हिटलो, उंटाच्या रंगाचा कोट घातलेले, आडदांड. तेच निवडून येणार असं सगळे म्हणत होते. त्यांच्या मागे राज्याच्या खजिनदार लेनोरा प्रूइट, बारीक चणीच्या, सगळ्यांशी हसणाऱ्या. बाकी आम्ही गावकरी. क्लोव्हिस सेनेटरांच्या शेजारी अंग चोरून बसला होता.

“मग, उभे राहताय ना?” मागून कुणीतरी ओरडलं.

“विचार चाललाय,” सेनेटर म्हणाले.

“आणि बाई, तुम्ही?”

“मी तर जेवायला आलेय,” प्रूइटबाई म्हणाल्या.

“जेवा हो, जेवा! लसूण खाल्ल्यावर मतं मागायला जवळ मात्र येऊ नका!” सगळी बस हसली. ओपल हसली नाही. गाडी चालवताना ती कधीच हसत नाही.

वळण घेतलं आणि पूल समोर आला. उन्हात हिरवा झळझळत होता. सेनेटर वाकून बघायला लागले.

“वा! आणि मला सांगितलं होतं की तुमच्या पुलाची रड आहे. हा तर नवा कोरा दिसतोय!”

क्लोव्हिसचा चेहरा चुन्यासारखा झाला. तो हळूच म्हणाला, “ओपल, तशीच ने. एकदाच. काही होत नाही.”

माझा जीव टांगणीला लागला. तशीच नेली असती, तर पाहुणे आरामात पलीकडे गेले असते, जेवून घरी गेले असते आणि आमचा नवा पूल आणखी चार वर्षं लांबला असता. आणि उतरवलं, तर उद्याच्या गव्हर्नरला चिखलात उभं केल्याबद्दल गावाने ओपललाच धरलं असतं.

तिने ब्रेक लावला, इंजिन बंद केलं, दार उघडलं.

“पुलापाशी उतरायचं,” ती म्हणाली. पोरांना सांगते त्याच आवाजात.

आम्ही गावकरी उठलो. प्रूइटबाईही उतरल्या. सेनेटर हलेनात.

“माझा गुडघा धड नाही, मॅडम. मी बसूनच येतो.”

“मग मीही बसते,” ओपल म्हणाली.

“अहो, पण एवढा चांगला पूल—”

“रंग चांगला आहे. परवाच लावलाय. आतून बडा घर पोकळ वासा. या बसमध्ये माणसं घालून मी त्याच्यावरून कधी गेले नाही. तुम्ही पहिले होणार नाही.”

क्लोव्हिस जमिनीकडे बघत होता. सेनेटर रागावले असावेत, मान लाल झाली होती. पण ते उठले. ओपलने खाली उतरून हात दिला. तो धरून ते एकेक पायरी उतरले, आणि तेव्हा दिसलं की गुडघा खरंच दुखत होता. तिने मग आपला खांदा पुढे केला आणि त्यांना पुलापार पोचवून ती परत आली. मधे एका फळीत त्यांचा बूट अडकला. खडी सरकली आणि खालचं पाणी दिसलं.

आम्ही सगळे पलीकडे उभे राहिलो. बसच्या वेळेला मी नेहमी टपाल कचेरीत असते आणि दरवर्षी या जेवणाला चर्चच्या चुलीपाशी, त्यामुळे इतक्या वर्षांत हे मी कधी पाहिलं नव्हतं. पिवळी बस हळूहळू पुलावर चढली. लोखंड कण्हल्यासारखं वाजलं. बसचं दार सताड उघडं होतं. बघणाऱ्यांत चारपाच शाळकरी पोरं होती, एरवी नुसता धुमाकूळ घालणारी. ती अगदी गप्प झाली. मला कळलं, ती रोज अशीच गप्प होत असणार. माझ्या घरातली बाई रोज हे करून यायची आणि मी तिला विचारायचे, दूध आणलंस का.

बस आमच्यापाशी येऊन थांबली. सेनेटर लंगडत दारापाशी गेले.

“रोज अशी नेता?”

“शाळेच्या दिवशी. सकाळी एकदा, दुपारी एकदा.”

“दार उघडं ठेवता, ते बरं करता. वेळ आली तर उडी तरी मारता येईल.”

“उडी कसली मारते मी या वयात!” ओपल म्हणाली. “पोरांना माझा आवाज ऐकू जावा म्हणून उघडं ठेवते. बस खाली गेली तर ती सगळी मला काढायला पाण्याकडे धावतील. ‘येऊ नका’ म्हणून ओरडून सांगायला नको?”

प्रूइटबाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले. मला ओपलचा जितका अभिमान वाटला तितकीच भीती वाटली. क्लोव्हिसने टोपी काढली आणि कुठे ठेवावी ते न सुचून पुन्हा घातली.

“चला, चढा,” ती म्हणाली. “बटाटे गार होतायत.”

सगळे चढले, सेनेटर सगळ्यांत शेवटी. ओपलने आरशात बघून सवयीने डोकी मोजली, एकही मागे राहिलं नाही ना हे पाहिलं, आणि मगच दार लावलं.