काळ्या मातीतली ऑर्किड

मी एक जुनी ऑर्किड आहे. अकोल्याला जठारपेठेतल्या एका घरात, पूर्वेच्या खिडकीशी माझा मुक्काम असतो. मित्रांनो, सध्या मला फुले आली आहेत आणि घरात सगळे खूश आहेत. मी मात्र घाबरले आहे. का, ते सांगते.

माझे कूळ पावसाळी जंगलातले. आम्ही मातीत राहत नाही. फांदीला धरून राहतो आणि मुळे वाऱ्यावर सोडतो. या घरच्या लेकीने, प्रियदर्शनीने, मला नर्सरीतून आणले, तेव्हाच हे समजून घेतले होते. तिने मला झाडाच्या सालीत आणि कोळशाच्या तुकड्यांत बसवले. मुळे रुपेरी दिसली तर पाणी, हिरवी असली तर नाही, असा तिचा नियम. मे महिन्यात अकोला तापले की ती मला कूलरच्या खोलीत न्यायची, पण झोतासमोर कधी ठेवायची नाही. मी दर हिवाळ्यात फुलायचे. शेजारच्या मनकर्णाबाई फुले प्लॅस्टिकची तर नाहीत ना, म्हणून चिमटा घेऊन बघायच्या. मला राग यायचा, आणि खरे सांगायचे तर बरेही वाटायचे.

मग प्रियदर्शनीला अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेला नोकरी लागली. ती अमरावतीला राहायला गेली आणि मी तिच्या वडिलांच्या, देवमनजींच्या हवाली झाले. त्यांचा सारा जन्म कपाशीच्या वावरात गेलेला. माणूस मायाळू, आणि तिथेच घात झाला. कोळशात बसलेली मी त्यांना बघवेना. लेकीचे झाड उपाशी मरते आहे, असे ते मनकर्णाबाईंना सांगू लागले. शेवटी त्यांनी वावरातून काळी माती आणली, रंगाचा रिकामा डबा धुतला आणि माझी लोंबती मुळे त्यात हळुवार दाबून बसवली. डब्याला खाली भोक पाडले होते. पण चिकण मातीने ते पहिल्याच पाण्यात बुजले.

त्या दिवसापासून माझा श्वास कोंडला आहे. मुळे एकेक करून काळी पडत आहेत. पाने मलूल झाली, तेव्हा देवमनजींना वाटले की मला तहान लागली आहे. त्यांनी पाणी वाढवले. वावर चिबडले, पाणी साचून राहिले, की पऱ्हाटीचे, कपाशीच्या झाडाचे, मूळ सडते हे या माणसाला कोणी शिकवायला नको. पण खिडकीतल्या डब्यातही वावर चिबडते, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

आणि मग माझ्यातून हा फुलांचा दांडा निघाला. मित्रांनो, तो आनंदाचा नाही. जीव जाऊ लागला की आमच्यातली काही झाडे उरलीसुरली ताकद फुलांत घालतात. देवमनजींना ते कुठून कळणार? गल्लीतले लोक बघून गेले. सगळ्यांनी त्यांच्या हाताचे कौतुक केले. इतकी वाहवा मला चांगल्या दिवसांतही मिळाली नव्हती.

काल त्यांनी प्रियदर्शनीला फोनवर माझी फुले दाखवली.

"बाबा, मुळं कशी आहेत?" तिने विचारले.

"मुळं मातीत हायेत, माय. ते कोन पायते? तू फुलं पाह्य."

ती हसली. सुट्टी मिळाली की येते म्हणाली. येईल तेव्हा ही फुले कदाचित असतीलही. मी असेन की नाही, सांगता येत नाही.

मित्रांनो, कोणाला काही भरभरून देण्याआधी त्याला काय लागते, तेवढे विचारा. बहरलेले झाड बघितले तरी एकदा बोटाने माती उकरून बघा. आणि जठारपेठेत कधी आलात तर देवमनजींना सांगा, मला या डब्यातून काढा. मी सांगून त्यांना कळणार नाही. त्यांना वाटते, मी सुखात आहे.