आवतण दिलेले बैल

माझ्या नातीच्या, आरोहीच्या, पाठीवर आयुष झाला, त्या वर्षीचा हा पोळा.

माझा मुलगा दीपक आमच्या गिरणाऱ्याकडच्या शेतात शहरातली माणसं आणायला लागला, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. द्राक्षाच्या मांडवाखाली खाटा टाकल्या होत्या. पाहुण्यांनी आपल्या हातानं वांगी-मिरच्या खुडायच्या, तोलून घरी न्यायच्या. मी चुलीवर भाकरी थापायची आणि त्यांच्या बायकांनी माझे फोटो काढायचे. माझी तक्रार नव्हती. टोमॅटो रस्त्यावर ओतून मोकळ्या हातानं घरी येण्यापेक्षा हे बरं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यानं फाटकावर नवी पाटी बांधली. मी आरोहीबरोबर बसून अक्षरं शिकले होते, पण आईला वाचता येतं हे दीपक अजून विसरायचा. पाटीवर होतं, 'उद्या पोळा. सजवलेल्या बैलगाडीतून शिवारफेरी.'

पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. शेतकऱ्याच्या पोराला हे मी सांगायचं?

त्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळायचे होते. मालकांचा, दीपकच्या बापाचा, उजवा हात लुळा पडून वर्ष होत आलं होतं. सुनेनं, पूजानं, त्यांची खुर्ची गोठ्यात नेली. त्यांनी डाव्या हातानं मोऱ्या आणि चांद्याच्या खांद्यांना हळद-तूप चोळलं आणि अडखळत आवतण दिलं, "उद्या जेवायला या. उद्या काम नाय." वर्षभरात त्यांच्या हातून होण्यासारखं एवढंच राहिलं होतं. दीपक शेजारी बादली धरून उभा होता. त्यानं ऐकलं.

सकाळी बस आली. पंचवटीतून आणलेल्या झुली बैलांवर चढल्या आणि मग जूही चढलं.

"दीपक, बापानं काल काय सांगितलं बैलांना?"

"आई, नांगर थोडाच हाकतोय? बाया-पोरं बसणार. लोक पोळ्यासाठीच आलेत."

"मग पोळा दाखव त्यांना."

"त्यांचा पोळा हाच हाय. तू पुरण बघ."

मी पुरण बघितलं. पोळ्या लाटल्या, भाजल्या, टोपलीत रचल्या आणि टोपली घेऊन गोठ्याच्या दारात बसले. मालक आत खुर्चीत, रिकाम्या गव्हाणीकडे बघत होते.

फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. पंगत बसली. पत्रावळीवर नुसता आमटी-भात. पूजा टोपली न्यायला आली, माझं तोंड बघितलं आणि परत गेली. मग दीपक आला.

"आई, माणसं खोळंबलीत. पैसे भरलेत त्यांनी."

"आवतण कुणाला होतं? ते दोघं जेवल्याबिगर या घरात पोळी कुणाला मिळत नाय. तुझा आजा जेवला नाय कधी. तुझे पाहुणे कोण लागून गेले?"

"हळू बोल. ऐकतायत सगळे."

"ऐकू दे. पोळाच बघायला आलेत ना?"

पंगतीतली एक बाई उठून आली. "आजी, आम्हाला माहीत नव्हतं हो. आम्ही गाडीत बसलोच नसतो."

"तुम्हाला कसं माहीत असणार, बाई? ज्याला माहीत होतं, त्यानं पाटी लावली."

दीपकनं मान खाली घालून जू सोडलं. मोऱ्याच्या खांद्यावरची हळद पुसली गेली होती, तिथं वळ उठला होता. मालकांनी डाव्या हातानं त्याला पोळी भरवली. "माझा शब्द गेला, बाबा," एवढंच ते त्याला म्हणाले. चांद्याचाही घास झाला, मग मी टोपली सोडली.

पुढच्या पोळ्याला दीपकनं पाटी बदलली, 'आधी बैलांना घास, मग पंगत.' गाडीची फेरी बंद. माणसं दुप्पट आली. माझा राग विकून तो शहाणा ठरला. गाव म्हणतं, म्हातारे, आता तरी थंड हो. कशी होऊ? शब्द ज्याचा मोडला, त्याला ही पाटी दिसली नाही.

माझे मालक सहादू, शब्द मोडला त्याच वर्षी, दिवाळीच्या पाडव्याला वारले.