पुरुषभर आणि वर वीतभर

"मिस्त्रींना सांगणार कोण?" पाळकसाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि कमिटीतली सातही माणसं टेबलावरच्या फोटोकडे बघत बसली.

फोटो समुद्रापलीकडच्या एका बेटावरून, आमच्या चर्चच्या तिथल्या जोडमंडळीकडून आला होता. निळं रंगवलेलं दार, आमच्या मिस्त्रींनी केलेलं. त्यातून बाहेर पडणारे तिथले पाळक. म्हणजे पाळकच असावेत. दिसत होतं ते फक्त टक्कल, कारण उरलेला माणूस कमरेतून वाकलेला होता. शेजारी त्यांची माणसं उभी होती. चौकट कुणाच्या नाकाशी संपत होती, कुणाच्या हनुवटीशी.

"फोटोत कधीकधी तसं दिसतं," एक सभासद म्हणाले.

"आणि टेंगूळ?" कमिटीतल्या मास्तरांनी भिंग पुढे सरकवलं. टकलावर टेंगूळ होतं, चांगलं लिंबाएवढं.

मी कोपऱ्यात बसून सभेचा वृत्तान्त लिहीत होते. मंडळीच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं टायपिंग करतेय. अवघड काम निघालं की कमिटीला एकदम मी दिसायला लागते. तशी त्या दिवशीही दिसले.

चार वर्षांपूर्वी त्या बेटावर वादळ आलं आणि गावंच्या गावं धुऊन गेली. पहिले सहा महिने सगळं जग मदतीला धावलं. आम्हीही धावलो. आमच्या खोक्यांतून लोकरीचे कोट गेले, एकाच पायाचे बूट गेले, गणिताची जुनी गाइडं गेली. बेटावर बारा महिने उन्हाळा. सातव्या महिन्यात जग दुसऱ्या वादळाकडे वळलं. तेव्हा आमचे पाळकसाहेब म्हणाले, "पावसात छत्री धरणारे पुष्कळ भेटतात, कपडे वाळेपर्यंत थांबणारा एखादाच." मग दोन मंडळ्यांचं ठरलं. त्यांनी भिंती बांधायच्या, आम्ही दारं द्यायची, चौकटीसकट. कारण वादळानं बेटावर दाराच्या लायकीचं एक झाड ठेवलं नव्हतं. अठ्ठेचाळीस घरं, वर्षाला बारा दारं.

दारांची उंची त्यांनी पत्रातून कळवली. ती भाषा मास्तरांना येते. म्हणजे मास्तरांकडे तिचा शब्दकोश आहे. त्यांनी वाचून सांगितलं, "पुरुषभर, आणि वर वीतभर." फूट-इंच कुठे आहेत, असं कुणीही विचारलं नाही. विहिरीचं पाणी आपणही पुरुषावरच मोजतो, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मिस्त्री तर खूश झाले. ते रुंदी टेपनं घेतात, उंची मात्र माणसानं. "दारातून टेप जायची नाहीये, माणूस जायचाय," असं त्यांचं म्हणणं. ते सरळ आपल्या कारखान्याच्या दाराला पाठ लावून उभे राहिले, डोक्यावर पेन्सिलीनं रेघ मारली, वर आपलीच वीत ठेवली आणि कामाला लागले.

मिस्त्रींची उंची चार फूट नऊ इंच. ही गोष्ट त्यांना आजवर कुणी सांगितलेली नाही आणि त्यांना स्वतःला ती कधी जाणवलेली नाही. त्यांच्या मते ते बेताचे आहेत, बाकीची माणसं जरा जास्त वाढलीत.

आता कुणी विचारेल, तीन वर्षांत छत्तीस दारं गेली, तुम्हा शहाण्यांच्या लक्षात कसं आलं नाही? तर दारं आडवी रचलेली असायची, आणि आडव्या दाराच्या उंचीकडे कोण बघतं! शिवाय बेटावरून पत्रं यायची. "तुमची दारं मजबूत आहेत. त्यांनी आम्हाला नम्र व्हायला शिकवलं." यावर पाळकसाहेबांनी दोन रविवार उपदेश दिला. पुढच्या वर्षी आलं, "घरात शिरताना आमची कपाळं तुमची आठवण काढतात." मास्तर म्हणाले, ही तिकडची प्रार्थना करायची पद्धत असावी. मिस्त्रींनी प्रत्येक पत्राची नक्कल माझ्याकडून टाइप करून घेतली आणि हत्यारांच्या पेटीत, रंध्याच्या खाली जपून ठेवली. पन्नास वर्षं त्यांनी गावाला दारं करून दिली, पण दाराबद्दल पत्र लिहिणारं गिऱ्हाईक त्यांना हेच पहिलं भेटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी फोटो घेऊन गेले. कारखान्यात शिरताना वाकले. तिथलं दारही त्यांनीच केलेलं आहे. बारापैकी सहा दारं भिंतीशी आडवी होती. मिस्त्री सातव्याला रंधा मारत होते.

"ये पोरी," ते म्हणाले. मी बावन्न वर्षांची आहे. "पत्र आलं का?"

"फोटो आलाय, काका."

त्यांनी चष्मा पुसला आणि फोटो उजेडात धरला. "रंग छान दिलाय. हे पाळक का? वाकून काय करतायत? नमस्कार?"

"नाही, काका."

"काही पडलंय का खाली?"

"नाही, काका."

मग त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. नजर टकलावरून शेजारच्या माणसांवर गेली, तिथून चौकटीवर आली.

"पुरुषभर म्हणाले होते ना? मग मी कोण आहे?"

मी मान खाली घातली. मिस्त्रींनी रंधा बाजूला ठेवला, पेटीतून पत्रं काढली आणि माझ्या हातात दिली.

"छत्तीस घरांतली माणसं रोज डोकं आपटतायत आणि मी त्यांची पत्रं जपून ठेवतोय. घेऊन जा. ही माझी नव्हेत."

"अहो काका, चूक आमची आहे. आम्ही विचारायला हवं होतं."

"दार मी केलं. चूक दुसऱ्याची कशी?"

त्यांनी हात झटकले, कारखान्याला कुलूप लावलं आणि घरात गेले. मला इतकं वाईट वाटलं होतं की कुलुपाआधी त्या दारातून बाहेर पडताना सवयीनं जिथं वाकायचं तिथं मी सरळ चालत गेले आणि माझ्याही कपाळाला टेंगूळ आलं.

काकू अंगणात कपडे वाळत घालत होत्या. त्या मिस्त्रींपेक्षा वीतभर उंच आहेत, दोरीसाठी त्यांना स्टूल लागत नाही.

"सांगितलंस ना?" त्या म्हणाल्या. "मला पहिल्या दारापासून माहीत होतं. माझा अंबाडा घासायचा."

"मग तुम्ही बोलला का नाही, काकू?"

"लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत भांडणातसुद्धा कधी बुटका म्हटलं नाही मी त्यांना. आता एका बेटापायी म्हणू?"

कुलूप काही निघेना. पाळकसाहेब समजूत घालायला गेले. त्यांना चहा मिळाला, किल्ली नाही. दारं नेणारी बोट सुटायला तीन महिने होते आणि बेटावर शेवटची बारा घरं चौथ्या वर्षीही दाराच्या जागी ताडपत्री लावून राहत होती. गावात दुसरा सुतार आहे, पण तो तयार पलंग विकतो. शेवटी मी कमिटीला न विचारता बेटावर पत्र धाडलं. आमचे मिस्त्री उंचीनं लहान आहेत, आम्ही अकलेनं, दोन्हीबद्दल माफ करा, आणि उंची कृपा करून आकड्यात कळवा. मास्तरांनी भाषांतर केलं. 'अकलेनं' हा शब्द त्यांनी वगळला असावा, असा मला आजही संशय आहे.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. मास्तर म्हणाले, हे ऑफिसात वाचायचं नाही. आम्ही दोघं मिस्त्रींच्या घरी गेलो. मिस्त्री खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मास्तरांनी मांडीवर शब्दकोश घेतला आणि एकेका शब्दाला ठेचकाळत वाचायला सुरुवात केली.

"प्रिय जोडमंडळी. दारांची उंची बदलू नका. राहिलेल्या घरांच्या भिंतीही त्याच मापानं बांधल्या आहेत. ठेंगण्या दारातून वारा कमी... घुसतो. आणि भांडायला आलेला माणूससुद्धा आधी वाकतो, त्यामुळे आत येईपर्यंत त्याचं निम्मं भांडण..." मास्तरांनी चार पानं उलटली. "सांडतं."

मिस्त्रींची मान जराशी वळली.

"आमची पोरं तुमची दारं बघून सुतारकाम शिकली. शेजारच्या बेटावरून लाकूड येऊ लागलंय. ही बारा झाली की पुढची दारं आम्हीच करू. इथं दाराच्या मापाला आता मिस्त्री म्हणतात. एक मिस्त्री उंच दार."

"काय म्हणतात?" मिस्त्री पुरते वळले.

"मिस्त्री. त्यांनी तुमचंच नाव घातलंय, अक्षरं जरा वाकडी आहेत. पुढे ऐका. पण आमच्यात एक वाद आहे. पहिल्या वर्षीच्या दारापेक्षा दुसऱ्या वर्षीचं थोडं ठेंगणं आहे, तिसऱ्याचं त्याहून ठेंगणं. पहिलं कपाळाला लागतं, तिसरं नाकाला. तर खरा मिस्त्री कोणता? कृपा करून खऱ्या मापाची काठी पाठवा."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला, ते हसण्यासाठी होतं की कशासाठी, मला कळलं नाही.

मिस्त्री उठले, किल्ली घेतली आणि कारखान्याचं कुलूप काढलं. आम्ही मागोमाग गेलो, ओळीनं वाकून. दाराच्या आतल्या अंगाला पेन्सिलीच्या चार रेघा होत्या, पुढे सालं लिहिलेली. ते दर वर्षी नव्यानं माप घेत होते. दुसरी रेघ पहिलीच्या किंचित खाली होती, तिसरी आणखी खाली. चौथी पहिलीपेक्षा चांगली बोटभर उतरली होती.

"मला वाटायचं पेन्सिल सरकते," ते म्हणाले.

मग ते दाराला पाठ लावून उभे राहिले. मी मास्तरांचा शब्दकोश त्यांच्या डोक्यावर आडवा धरला.

"टाचा," काकू म्हणाल्या.

मिस्त्रींनी टाचा खाली टेकवल्या. शब्दकोश चौथ्या रेघेच्याही खाली आला. मी रेघ मारायला पेन्सिल उचलली, तर त्यांनी माझा हात धरला.

"ती नको मारूस. पहिलीची काठी पाठवू. तेव्हा मी पुरा होतो."

काठी त्यांनी त्याच दुपारी तासली, वर वीतभर जास्त ठेवून, आणि दोन्ही टोकं हाताला लागू नयेत म्हणून घासून गोल केली. झालेली सहा दारं चौकटीसकट उचकटून, उभी लाकडं नवी घालून पुन्हा पहिल्या मापानं केली. बारावं दार झालं त्या दिवशी मी बोटीचे कागद घेऊन गेले आणि त्यांनी माझ्या हातात दिलेली पत्रं परत केली. त्यांनी ती पुन्हा रंध्याच्या खाली ठेवली.

"चल, चहा घेऊ," ते म्हणाले.

मी वाकून बाहेर आले आणि मागं वळून पाहिलं. मिस्त्री नेहमीसारखेच छाती काढून, ताठ मानेनं त्या दारातून आले. त्यांच्या डोक्यावर आता वीतभरापेक्षा जास्त जागा उरत होती.