फयावर आल्याशिवाय खरं नाही

मी फळा बोलतोय, अमडापूरचा. चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर एसटीचा थांबा आहे, त्याच्या समोर 'महामाया कॉम्प्युटर' नावाचं दुकान आहे, त्या दुकानाच्या दारावरचा. गावात मला सगळे 'फया' म्हणतात. वय असेल अठरा-एकोणीस, म्हणजे फळ्यांच्या मानानं चांगली पन्नाशी उलटली.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. अंगावर खडूनं काही लिहिलेलं असलं की मी खरं बोलतो, मला दुसरा इलाज नसतो. पण कोरा असलो की थोडं वाढवून सांगायची खोड आहे. आज सहा वर्षांनी सहदेवनं मला दारामागून बाहेर काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि खिळ्याला टांगलं. म्हणजे आत्ता मी कोरा आहे. ऐकताना जरा सांभाळून.

दुकानात खडूच नाही. सहदेवची लेक मयुरी तो आणायला शाळेत गेलीय. पायरीवर गोजरबाई बसलीय. फुटाणेवाली. हिला वाचता येत नाही, तरी नजर माझ्यावरच. बाजूला तिचा दीर वामनराव, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, हातात मोबाइल धरून उभा आहे. तासाभरापूर्वी त्यानंच बातमी आणली.

"वयनी, तुही चंद्रवदना गेली वं. हे पाह्य, मोबाइलवर आलं."

गोजरबाईनं फुटाण्यांची कढई हलवायची थांबवली नाही. एवढंच विचारलं, "फयावर आलं काय?"

"कोन्ता फया? आता कुठं फया हाय?"

"मंग नाई गेली. फयावर येऊ द्या, मंग आंग धुईन."

सहदेव आणि मयुरीनं आत जाऊन काय ते शोधलं. सहदेव बाहेर आला, तोंड उघडणार तोच म्हातारीनं हात वर केला. "तोंडानं सांगू नको सहदेवा. तोंडानं तं कोनीबी सांगते. लिह्य."

तेव्हा खडू येईपर्यंत मला वेळ आहे. माझ्या अंगावर काय उमटणार, हे मलाही ठाऊक नाही. मन गुंतवायला जुनं काही सांगतो.

माझा जन्म चिखलीच्या एका सुताराकडे. एका मास्तरांनी शिकवणीवर्गासाठी मला करून घेतलं. शिकवणी तीन महिन्यांत बंद पडली, आणि त्या तीन महिन्यांत मी इतकं गणित शिकलो की रात्री झोपेत पाढे म्हणायचो. (हे थोडं वाढवलं.) मग सहदेवनं मला आणलं. तेव्हा दुकानात तीन कॉम्प्युटर, तीन लाकडी खोपट्या, आणि प्रत्येक खोपटीला फुलांचा पडदा. माझं काम एकच. इंटरनेटची 'लाईन आहे' किंवा 'लाईन नाही' एवढं सांगायचं. त्या दिवसांत दुसरं वाक्यच जास्त असायचं.

गोजरबाईची कढई तेव्हाही इथंच होती. एक दिवस ती फुटाण्यांची पुडी घेऊन आत आली.

"सहदेवा, तुह्या डब्ब्यात साऱ्या दुनियेची खबर दिसते म्हंतात?"

"दिसते नं माय. काय पाह्यजे?"

"माही चंद्रवदना कुठं हाय, कशी हाय, पाह्य बरं."

चंद्रवदना ही तिच्या तरुणपणातली नटी. गोजरबाईचं लग्न झालं त्या वर्षी जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. नऊ दिवसांच्या जत्रेत तिनं एकच सिनेमा अकरा वेळा पाहिला. पडद्यावर चंद्रवदनाला सासरी कोणी बोलू देत नव्हतं, आणि शेवटी ती चुलीपुढून उठून सगळ्यांना दोन शब्द सुनावते. त्यानंतर गोजरबाईनंही घरी दोन शब्द सुनावले आणि रस्त्यावर स्वतःची कढई मांडली. सिनेमाचं नाव ती विसरली, नटीचं नाही. "बहीनच हाय ते माही," म्हणायची, "फक्त भेट नाई झाली."

सहदेव शोधायला बसला. आणि तिथून त्याला ते वेड लागलं. सिनेमाच्या बातम्या देणाऱ्या वेबसाइटी तेव्हाही पावसाळ्यातल्या बेडकांसारख्या होत्या. आवाज मोठा आणि प्रत्येकीचा तोच. एकीनं एकाच नटाचं लग्न एका आठवड्यात तीन नट्यांशी लावलं. दुसरीवर दहा फोटो पाहायला दहा वेळा बोट दाबायचं, आणि अकराव्यांदा म्हणायची, तुम्हाला परदेशात लॉटरी लागली. पण चार ओळी बऱ्या सापडल्या की सहदेव माझ्यावर लिहायचा. आज कोणता सिनेमा लागला, कोणाचं गाणं आलं, कोण नाटकात परत आलं.

काय दिवस होते ते! खामगावची बस थांबली की अर्धी बस माझ्या बाजूला कलायची. कंडक्टर घंटी द्यायला विसरायचा. एकदा तर ड्रायव्हर बातमी वाचता वाचता प्रवाशांसकट पुढच्या उंद्री गावापर्यंत गेला आणि उरलेली ओळ वाचायला परत फिरला. एक बैल रोज बातमी वाचून मान हलवायचा. वामनरावला विचारा, तो नाही म्हणेल, पण विचारा.

मग तो बाजाराचा दिवस आला. सहदेवला चंद्रवदना सापडली. एका चकचकीत वेबसाइटवर फोटोला हार घातलेला, खाली तीन ओळी. त्यानं जड हातानं माझ्यावर लिहिलं, 'ज्येष्ठ अभिनेत्री चंद्रवदना यांचे निधन.'

कोणीतरी गोजरबाईला वाचून दाखवलं. तिनं कढईखालचा जाळ पाण्यानं विझवला. घरी गेली, डोक्यावरून आंघोळ केली आणि दहा दिवसांचं सुतक धरलं. दहा दिवस तोंडात गोड नाही, अंगणात सडा नाही. अमडापुरात बाई एका नटीचं सुतक धरते हे ऐकून लोक हसले, पण फुटाण्यांवाचून त्यांचे बाजारही सुनेच गेले.

दहाव्या दिवशी वामनरावला पुढं घालून ती नदीवर गेली. तो कुरकुरत होता, "नात्याची ना गोत्याची, अन् मी पिंड ठेवू?" तरी ठेवला. मी तिथं नव्हतो, म्हणून तर मी ते जास्त चांगलं सांगू शकतो. एक कावळा आला. दोन आले. मग सतरा. सगळ्यांनी पिंडाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. वामनराव म्हणाला, "तुह्या पोराचं नाव सिनेमात देतो." कावळे हलले नाहीत. "गावात पुतळा बांधतो." तरी नाहीत. दुपार टळली. सहदेवही तिथं होता, आपण दिलेल्या बातमीचा दहावा म्हणून आलेला.

गोजरबाई एकाएकी उठली. "भाऊजी, थे जित्ती हाय!"

"काय बोलून राह्यली वयनी?"

"जित्त्या मानसाचा पिंड कावळा कसा शिवन? सहदेवा, तू नीट पाह्यलं नाई."

सहदेवच्या घरी बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. कावळ्याबिवळ्याची भानगड त्याला मान्य नाही. पण म्हातारीच्या डोळ्यांत पाहून तो सरळ दुकानात आला, ओल्या चपलांनी, आणि कॉम्प्युटर सुरू केला. लाईन होती, हे माझं नशीब. ती चकचकीत बातमी त्यानं पुन्हा उघडली. तिच्यावर लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. तारीख नव्हती. तीच वाक्यं, त्याच चुकांसकट, आणखी नऊ ठिकाणी होती. सगळ्यांनी एकमेकांचं उतरवलेलं, आणि मुळात कोणाचंच नाही.

संध्याकाळच्या सुमाराला त्याला दुसरी वेबसाइट सापडली. साधी, पांढरी, एकही लुकलुकणारी जाहिरात नाही. कोणी एक अंबूबाई नावाच्या निवृत्त ग्रंथपाल जुन्या मराठी कलावंतांबद्दल लिहायच्या. लेखाच्या डोक्यावर त्यांचं नाव, खाली तारीख, आणि शेवटी 'मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन बोलले' असं वाक्य. लेख पाच दिवसांपूर्वीचा. चंद्रवदना खिडकीत बसून पोपटाला डाळ भरवत होती.

सहदेवनं मला पुसलं. जेवढ्या मोठ्या अक्षरात चूक लिहिली होती, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मी चुकलो. चंद्रवदनाबाई जिवंत आहेत. सहदेव.' आठ दिवस पुसलं नाही. येणारा-जाणारा वाचायचा आणि आत डोकावून हसायचा.

"सहदेवा," वामनराव म्हणाला, "तुह्या इंटरनेटपरीस कावळा बरा बे!"

"तुमच्या कावळ्यावर माहा इस्वास नाई, काका. पन त्यानं मले दुसऱ्यांदा पाह्याले लावलं, हे खरं हाय."

"अरे, तीस वर्सं कंडक्टरकी केली म्या. पाटीवर खामगाव लिवलं म्हनून बस खामगावले जात नसते. पाटी कालचीबी असते. कंडक्टरले इचारा लागते, बाबा, कुठं चालली? हे बस कोन घेऊन चाललं, कवाची हाय, अन् मांगच्या बसवालाबी तेच सांगते काय, एवढं पाह्यलं की मानूस चुकत नाई."

त्या दिवशी सहदेवनं मला उलटं केलं आणि माझ्या पाठीवर लाल रंगानं यादी सुरू केली. चांगल्या वेबसाइटींची. लिहिणाऱ्याचं नाव असेल, तारीख असेल, चुकल्यावर चूक कबूल करत असेल, तीच यादीत. एकदा थाप मारली की नावावर आडवी रेघ. वर्षभरात पाठीवर तेवीस नावं झाली. आसपासच्या गावांतली पोरं-पोरी वह्या घेऊन यायची आणि मला उचलून, उलटं करून, नावं उतरवून न्यायची. पाठ खाजवल्यासारखं वाटायचं. तेव्हापासून गावात म्हण पडली, फयावर आल्याशिवाय खरं नाही. गोजरबाई रोज दुपारी विचारायची, "आज माह्या बहिनीचं काय?" काही नसलं की खूश व्हायची.

मग मोबाइल आले. बातमी लोकांच्या खिशात गेली, आणि खिशातली गोष्ट कोण चार माणसांत तपासतो? फुलांचे पडदे गेले. दुकानात आधारची आणि विम्याची कामं सुरू झाली. मला दारामागं ठेवलं. केरसुणी माझी शेजारीण झाली. तोंड भिंतीकडे, पाठ बाहेर. तेवीस नावं कोणी वाचली नाहीत, आणि त्यातली बहुतेक ठिकाणं मागच्या मागं बंदही पडली.

आज मला टांगायच्या आधी मयुरीनं माझ्या पाठीवरची धूळ पुसली. एकेक नाव मोबाइलवर उघडत गेली. "बाबा, हे बंद. हेबी बंद. हे तं आता चपला विकते." अंबूबाईंचं नाव सगळ्यांत वर होतं. ते उघडलं आणि तिनं मोबाइल बापापुढं धरला. मी तेव्हा पालथा होतो, मला दिसलं नाही. मग तिनं आणखी एके ठिकाणी पाहिलं. मग सहदेव उठून बाहेर गेला.

ही आली मयुरी. खडू अर्धाच मिळाला.

एक विनंती, कोरा आहे तोवर. तुमच्याही खिशात अशा बातम्या रोज पडत असतील. पाटी पाहून बसमध्ये चढू नका. कंडक्टरला विचारा.

सहदेव समोर आलाय. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय की त्यानं लिहू नये, मला कोराच ठेवावं. मी असली थाप मारीन की सतरा कावळे परत फिरतील.

खडू टेकला.

"वाच वं मयुरी," गोजरबाई म्हणते.

मयुरी वाचते, "ज्येष्ठ अभिनेत्री चंद्रवदना यांचे काल सकाळी राहत्या घरी निधन. वय नव्वद. बातमी अंबूबाईंची, दुसऱ्या ठिकाणी विचारून खात्री केली. सहदेव."

"पोपटाचं काई लिवलं?"

"हो आजी, अंबूबाईनं लिवलं हाय. पोपट त्यायनंच घरी नेला."

गोजरबाई माझ्याकडे पाहते. मग पुढं होऊन कढईखालचा जाळ विझवते.

"चला भाऊजी," ती म्हणते. "आता आंग धुवा लागते."