क्रमांकांची बेरीज

त्या सकाळी विशाखा अभिमानानं इतकी फुगली होती की क्लासला सोडणाऱ्या ऑटोवाल्यालाही ती संख्याशास्त्रातली चाचणी समजावून सांगावी असं तिला वाटत होतं, दोन गटांत खरंच फरक आहे का ते सांगणारी. शाळेच्या प्रकल्पासाठी नवी नवी शिकलेली, आणि आज गरज पडलीच तर पप्पांची नोकरी वाचवणारी.

क्लास बसवराज सरांचा, लातूरचा. नांदेडच्या शाखेत त्यांनी चिठ्ठ्या टाकून पोरांच्या दोन तुकड्या पाडल्या होत्या. एकीला लातूरहून पडद्यावर शिकवणं, दुसरीला विशाखाचे पप्पा, आनंदराज सर, समोर उभं राहून. पडद्यानं भागत असेल तर माणूस कशाला पोसा, एवढाच सवाल होता.

परीक्षा झाली. निकाल बघायला आज बसवराज सर लातूरहून गाडी घेऊन आले.

"सरासरी तुमच्या तुकडीची चांगलीच वर हाय, आनंदराज सर," ते म्हणाले. "राहा तुम्ही. पण त्यात तुमची लेकच बसली हाय म्हणा."

पोरं हसली. विशाखाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मग सरासरी सोडा सर. क्रमांकाची चाचणी लावू. तिच्यात एकटं कुणी तुकडी ओढून नेत न्हाई."

"विशाखा, बस कर," पप्पा हळूच म्हणाले.

बस करणार ती कसली! तिनं दोन्ही तुकड्यांचे पेपर फरशीवर एकाच ओळीत मांडले, सगळ्यात कमी मार्कांपासून चढत. पडद्यावाल्यांवर लाल खूण, पप्पांच्या पोरांवर निळी. मग एक, दोन, तीन असे क्रमांक. ओळीच्या टोकाला तिचा पेपर, त्याच्या अलीकडे मैत्रीण लुंबिनीचा, दोन्ही निळे, बाकीच्यांच्या कितीतरी पुढं. पण कितीही पुढं असले तरी क्रमांक एकेकानंच वाढत होता. आणि त्यांच्यामागं लाल निळे, लाल निळे, नुसती खिचडी.

तिनं निळ्यांच्या क्रमांकांची बेरीज केली. पुन्हा केली. फरक खरा मानायला चाचणीच्या तक्त्यात जी हद्द दिली होती, तिच्या जवळपासही ती जाईना.

"काय निघालं?" बसवराज सरांनी विचारलं.

"फरक सापडला न्हाई. पण सर, सापडला न्हाई म्हंजे नाहीच, असं नसतं. पोरं थोडी हायत, म्हणून..."

"चाचणी कुणी लावली?"

"मी."

"झालं तर." बसवराज सरांनी तिचा पेपर उचलून निरखला. "जीव तोडून एवढे मार्क घेतलेस. बापाच्या पदरात पडला एकच क्रमांक जास्तीचा. लुंबिनीपेक्षा अर्धा मार्क जास्त घेतला असतास तरी तेवढंच." मग ते वळले. "आनंदराज, या महिन्यापुरतं ये. पोरगी मात्र पडद्यावाल्या तुकडीत बसव, फुकट. तिचा फोटो लातूरच्या चौकात लावू. पडद्यावर शिकून पहिली आली म्हणून."

पप्पा गुडघ्यावर बसून पेपर गोळा करत होते. मांडलेला क्रम मोडू न देता.

विशाखानं त्यांच्याकडं बघितलं. ते वर न बघताच म्हणाले,

"सरांना हाव म्हण."

तिनं होकाराची मान हलवली.

"तोंडानं म्हण."

"हाव सर," ती म्हणाली.